भरतीचं पाणी कुठे अडवलंय ते आधी शोधा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या सोसायटीच्या मागे खाडीच्या अंगाला मोठी पाणथळ जागा आहे, कडेने तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं आहेत, थंडीत शेकाट्या, तुतवार आणि कधीकधी शंभरदीडशे फ्लेमिंगो येऊन बसतात, आणि गेल्या दोन महिन्यांत तिथे निळे पत्रे ठोकलेत, रात्री डंपर येतात, गेटवर टॉवरचा बोर्ड लागलाय. सह्यांची मोहीम चालू आहे, नऊशे सह्या झाल्यात, आता पुढे काय करू.

ताई, मी बावीस वर्षं खाडीकाठच्या जागांचे सर्वे करतेय, त्यातल्या बऱ्याच जागांचे रिपोर्ट पुढे कोर्टात किंवा हरित लवादात गेलेत. काही वाचल्या, काही डोळ्यांदेखत गेल्या. तुमच्या प्रश्नात झाडं आहेत, पक्षी आहेत, डंपर आहेत, बोर्ड आहे, पण पाण्याबद्दल एक शब्द नाही. म्हणून मी उलट विचारते, तिथे भरतीचं पाणी अजून येतंय का?

कारण खाडीकाठची जागा मारायची पद्धत मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता पाठ झालीय. झाड तोडलं तर लगेच बोंब होते, गुन्हा दाखल होतो, फोटो पेपरात येतो. म्हणून झाडाला हात लावायचाच नाही. बांधाखालून ज्या ह्यूम पाइपातून किंवा उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या वाटेतून, भरतीचं पाणी आत यायचं तेवढी एक जागा बुजवायची आणि थांबायचं, बास. पाणी आत आलं नाही की खाजण, म्हणजे ती भरतीची दलदल, सुकतं, मिठाचा पांढरा थर वर येतो, तिवरांची पानं पिवळी पडून गळतात आणि एकदीड वर्षात झाडं उभ्या उभ्या वाळतात. किंवा उलटं करतात, पाणी आत येऊ देतात आणि बाहेर जायची वाट बंद करतात. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात ना, त्यांना ओहोटीच्या वेळी हवा लागते, ती कायम पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं. दोन्हीत शेवट एकच, मग कुणीतरी येऊन म्हणतं इथे काय आहे, वाळलेली झुडपं आणि डास, आणि त्यानंतर डेब्रिजचा भराव.

एक प्रसंग सांगते, जागेचं नाव नको. एका खाजणात झाडं वाळतायत म्हणून आम्ही पाच जण गेलो होतो, कुणाला वाटत होतं कीड आहे, कुणाला वाटत होतं नाल्यातून केमिकल येतंय, मी स्वतः मातीचे नमुने घ्यायच्या तयारीत होते. बरोबर कोळीवाड्यातले एक मामा होते, ते वाकून चिंबोरीच्या बिळांत काठी घालून बघत पुढे पुढे चालले होते. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "दोन उधाणं झाली, हितं पानी आलेलं नाय." मग सरळ बांधाकडे गेले, बाभळीच्या काट्या बाजूला केल्या आणि पाइपाचं तोंड दाखवलं, आत सिमेंटच्या गोण्या ठासून भरलेल्या आणि वर राबिट, म्हणजे डेब्रिज, टाकून ओटा केल्यासारखा. त्या दिवसापासून मी कुठल्याही नव्या जागेवर गेले की आधी बांधावरून पूर्ण चक्कर मारते आणि पाणी कुठून शिरतं ते शोधते, पक्षी मोजायचे ते नंतर.

नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या डीपीएस तलावाचं उदाहरण तर सगळ्यांसमोरचं आहे. साधारण तीस एकरांचा तलाव, खाडीचं पाणी आत यायचे मार्ग बंद झाले, तलाव सुकत गेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. पाण्याचा मार्ग मोकळा करा ही मागणी तिथल्या लोकांनी लावून धरली, पाणी परत आलं, पक्षी परत आले आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीवचा दर्जा द्यायला मान्यता दिली. पाणी आलं नसतं तर दर्जा द्यायला तिथे काही उरलंच नसतं.

आता कुणी तुम्हाला हमखास म्हणेल की फ्लेमिंगोंसाठी ठाणे खाडीचं अभयारण्य आहे की, २०१५ ला झालंय, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलंय, मग तुमचं डबकं कशाला हवं. याचं उत्तर नीट समजून घ्या, मीटिंगमध्ये उपयोगी पडेल. फ्लेमिंगो ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात, आणि भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा त्यांना बसायला जागा लागते, उथळ पाणी आणि आजूबाजूला मोकळं, म्हणजे मिठागरं, उरणजवळचं पाणजे, सीवूड्सचे तलाव, तुमच्या मागचा प्लॉट. चरायची जागा राखली आणि भरतीत बसायची जागा बांधून टाकली तर अभयारण्य नकाशावर राहील, पण पक्षी दिवसातून दोनदा कुठे टेकणार? म्हणून तुमच्या नोंदीत "पक्षी दिसले" एवढं लिहू नका, भरतीच्या किती वाजता दिसले ते लिहा. भरतीच्या ऐन वेळेला त्या जागेवर पक्षी बसतात हे सहा महिन्यांच्या नोंदीतून दिसलं तर त्या कागदाचं वजन सह्यांपेक्षा खूप जास्त आहे.

तर पहिलं काम पाण्याचं. उधाणाची भरती अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास असते, सगळ्यात मोठी त्यानंतरच्या एकदोन दिवसांत, आणि मुंबईत ती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमाराला आणि मध्यरात्री येते, म्हणजे दिवसाउजेडी बघता येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जाऊन काही कळणार नाही, तेव्हा पाणी तसंही कमीच चढतं. एक बांबू घ्या, दर दहा सेंटीमीटरवर ऑइलपेंटने खूण करा, आणि पत्र्यांच्या बाहेरून जिथून दिसेल तिथे, तुमच्या हद्दीत किंवा सरकारी बांधावर, रोवा. एकाच ठिकाणाहून, एकाच उंचीवरून, भरतीच्या अर्धा तास आधी आणि नंतर फोटो, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. ओरिजिनल फाइल्स जपा, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या फोटोतली तारीख आणि लोकेशन निघून जातं, समोरच्या वकिलाने हे विचारलं की आपली बोलती बंद होते, माझी झालीय. आणि आत शिरू नका, कितीही राग आला तरी. एकदा घुसखोरीचा गुन्हा लागला की त्या जागेपेक्षा तुमचीच केस मोठी होते.

दुसरं म्हणजे जुने नकाशे. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, तुमच्या जागेची २००५ च्या आसपासची आणि नंतरची जेवढी मिळतील तेवढी काढून ठेवा. २००५ का, तर ६ ऑक्टोबर २००५ ला बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने जो अंतरिम आदेश दिला त्यात खारफुटीवर आणि तिच्या चारही बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम थांबवायला सांगितलं, जमीन कुणाच्याही मालकीची असो, कितीही क्षेत्रफळाची असो. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ते कायम झालं आणि नष्ट झालेली खारफुटी परत उभी करायची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यामुळे "आता तिथे काही नाही" हे उत्तर चालत नाही. आधी होतं हे तुम्ही दाखवायचं, आणि ते उपग्रहाच्या चित्रात दिसतं. त्याच निकालाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमायला सांगितलीय, तुमची लेखी तक्रार तिथे गेलीच पाहिजे, एक प्रत वन विभागाच्या कांदळवन कक्षाला, एक महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला, एक पोलीस स्टेशनला, आणि प्रत्येकाचा पोच शिक्का. तोंडी सांगून आलात तर काहीच सांगितलं नाही असं धरा.

तक्रारीत भावना कमी आणि माप जास्त. "निसर्गाची हानी होत आहे" यावर कुठलाही अधिकारी काय करणार? "अमुक सीटीएस (सिटी सर्वे) नंबरच्या जागेच्या ईशान्य कोपऱ्यात बांधाखालचा पाइप अमुक तारखेपासून बंद आहे, सोबत चार उधाणांचे फोटो, पाइप मोकळा करून द्यावा" यावर त्याला काहीतरी करावंच लागतं, नाही केलं तर का नाही केलं ते लिहावं लागतं. मागणी पण छोटी आणि होण्यासारखी ठेवा. प्रोजेक्ट रद्द करा ही मागणी पहिल्या पत्रात कोण ऐकणार, पण पाइप मोकळा करा ही मागणी नाकारायला कारण सापडत नाही, आणि पाणी सुरू झालं की जागा जिवंत राहते, मग लढायला वेळ मिळतो.

तिसरं कागद, आणि इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय कारण इथेच आम्ही एक जागा गमावली.

बोर्डावर महारेराचा नंबर असेल, त्यावरून साइटवर प्रोजेक्टचे मंजुरीचे कागद बघता येतात. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, लागते. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, नकाशे, ईसीचा अर्ज तपासणाऱ्या समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त सगळं असतं. लक्षात घ्या, इमारतींच्या प्रोजेक्टला जनसुनावणी नसते, म्हणजे तुम्हाला कुणी बोलावणार नाहीये. ईसी अजून मिळालेली नसेल तर लगेच याच समितीला लेखी द्या, फोटो आणि नकाशे जोडून, की अर्जात खारफुटी किंवा पाणथळ जागा दाखवलेली नाही. मिळालेली असेल तर घड्याळ चालू झालंय. ईसीविरुद्ध हरित लवादात अपील करायला ३० दिवस, योग्य कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६०. एकूण नव्वद. त्यापुढे एक दिवस उशीर झाला तरी लवादाला तो माफ करता येत नाही, कायद्यातच तसं आहे.

आमची जागा उत्तर मुंबईत होती. पक्ष्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी होत्या, पाण्याचे फोटो होते, कोळीवाड्याचा पाठिंबा होता, सगळं होतं. आम्ही एका ऑफिसला पत्र दिलं, तिथे सांगितलं साहेब फाइल बघतायत, पुढच्या आठवड्यात साइट व्हिजिट लावतो. आम्ही थांबलो. परत गेलो, परत तेच. मला वाटत होतं की ऑफिसातूनच सुटलं तर कोर्टात कशाला जायचं, लोकांचे पैसे वाचतील. ईसी मिळाल्याची जाहिरात दरम्यान एका छोट्या पेपरात येऊन गेली होती, आमच्यातल्या एकानेही तो पेपर बघितला नव्हता. वकिलाकडे कागद घेऊन बसलो तेव्हा तिने जाहिरातीच्या तारखेपासून बोटांवर मोजलं आणि काहीच बोलली नाही, मग कॅलेंडर काढून परत मोजलं. १०४ दिवस झाले होते. तिथे आता चार टॉवर आहेत. मागच्या पावसाळ्यात त्या रस्त्याने गेले तेव्हा गेटशेजारच्या काँक्रीटच्या नाल्यात तळाशी जमलेल्या बोटभर चिखलावर दोन निवट्या, खाडीच्या चिखलातले ते छोटे मासे, बसलेल्या दिसल्या, मी तिथे बराच वेळ उभी होते.

म्हणून ताई, पत्रव्यवहार करा पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. ईसीची तारीख आजच शोधा, आज म्हणजे खरंच आज. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे, आणि त्यात "का" विचारू नका, कागद मागा. आयओडीची (बांधकामाच्या प्राथमिक मंजुरीची) प्रत, सीसीची (काम सुरू करायच्या दाखल्याची) प्रत, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरीची प्रत, त्या सीटीएस नंबरचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यातला शेरा), भराव टाकायच्या परवानगीची प्रत. का परवानगी दिली असं विचारलं की गोलगोल उत्तर येतं. प्रत मागितली आणि "अशी प्रत उपलब्ध नाही" असं लेखी आलं तर तोच तुमचा सगळ्यात भारी पुरावा.

सह्यांच्या मोहिमेबद्दल वाईट वाटून घेऊ नका, त्याच ताकदीचा वापर योग्य खिडकीतून करायचा एवढंच. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला होता त्यात आरे कॉलनी विकासाला खुली करायचा प्रस्ताव होता. तेव्हा लोकांनी ऑनलाइन सह्या करून सोडून दिलं नाही, कायद्याने दिलेल्या मुदतीत महापालिकेकडे हजारोंनी लेखी सूचना-हरकती टाकल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच नव्याने करायला लावला. त्या नऊशे जणांपैकी पन्नास जणांनी जरी आपापल्या नावाने, वेगवेगळ्या शब्दांत, आपण काय बघितलं ते लिहून पोच घेतली तरी पुष्कळ झालं.

अजून एक, तुमच्या मागची खारफुटी वन विभागाकडे गेलीय का आणि कुठल्या कलमाखाली, हे विचारा. भारतीय वन कायद्यात कलम ४ म्हणजे नुसता इरादा, कलम २० झालं की ते राखीव वन. मधली प्रक्रिया वर्षानुवर्षं लोंबकळते आणि त्याचं काय होतं ते मुलुंडकरांना विचारा. तिथल्या जमिनींना १९५० च्या दशकात कलम ३५ खाली नोटिसा काढल्या, त्या शेवटापर्यंत नेल्याच नाहीत, १९७५ च्या कायद्याने त्या खाजगी वन म्हणून सरकारजमा धरल्या, दरम्यान इमारती उठल्या, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला. बिबट्याच्या जंगलाला लागून असलेला तो पट्टा एका अर्धवट सोडलेल्या कागदाने गेला. तुमच्याकडे तो कागद पूर्ण करून घेण्यासाठी आमदारामार्फत प्रश्न विचारून घ्या, इथे लोकप्रतिनिधीचा खरा उपयोग होतो.

मिठागर असेल तर मात्र सावध राहा. २०१७ च्या पाणथळ नियमांतून मिठागरं वगळलेली आहेत त्यामुळे "ही पाणथळ जागा आहे" एवढ्यावर उभे राहिलात तर पडाल, तिथे सीआरझेड आणि खारफुटीचा निकाल धरायचा. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी मुलुंड, भांडुप, कांजूरकडची २५५.९ एकर मिठागरांची जमीन द्यायचं ठरवलं. यावर माझं मत विचाराल तर घरं हवीतच, दहा बाय दहात सहा माणसं राहतात त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की पक्षी महत्त्वाचे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ज्या सखल मोकळ्या जागांनी पाणी घेतलं त्याच जागांवर गरिबाला नेऊन ठेवणं हा त्याच्यावरचा उपकार नाहीये. पुढच्या तशा पावसात सगळ्यात आधी त्याच्याच तळमजल्यात पाणी भरेल.

आणि याच्याशीच जोडलेलं, तुमच्या तक्रारीचा पहिला फटका बांधावरच्या चार झोपड्यांना बसू देऊ नका. तक्रार गेली की पथक येतं, झोपड्या तोडतं, फोटो काढतं, कारवाई पूर्ण असा शेरा मारतं, आणि पत्र्यांच्या आत जेसीबी चालूच राहतो. हे मी एकदा नाही, चारपाचदा बघितलंय. बांधावर राहणारी, चिंबोऱ्या पकडणारी माणसंच रात्री डंपर किती वाजता आला ते सांगू शकतात. पत्रातच स्पष्ट लिहा की तक्रार भरावाची आणि बंद पाइपाची आहे. कोळीवाड्यात जाऊन बसा, आधी ऐका. उधाण कुठपर्यंत यायचं, उघाडी कुणी बांधली, मासळी कधीपासून कमी झाली, हे त्यांच्या प्रतिज्ञापत्रात आलं तर ते कुठल्याही तज्ज्ञाच्या रिपोर्टपेक्षा भारी पडतं, माझ्यासुद्धा.

डंपरसमोर उभं राहायचं नाही, बाल्कनीतून नंबर आणि वेळ टिपायची. नुकसानभरपाई म्हणून दुसरीकडे रोपं लावून देतो असं कुणी म्हणालं तर पाण्याची वाट आधी विचारा. भरती पोचत नाही तिथे लावलेली तिवरं वर्षभरात मरतात.

वकील लगेच लागणार आहे असं धरून चला, हरित लवादाचं पश्चिमेचं खंडपीठ पुण्यात आहे. पण वकिलाकडे जाताना हातात तीन गोष्टी हव्यात, ईसीची तारीख, जुनी चित्रं, आणि निदान दोन उधाणांचे फोटो. कॅलेंडरात येती अमावस्या कधी आहे ते बघा, त्यानंतरचे दोन दिवस दुपारी बारा ते दोन मोकळे ठेवा, कोळीवाड्यातल्या कुणालातरी बरोबर घ्या आणि बांधावरून चालत पाइपाचं तोंड शोधा. सापडलं की फोटो पाठवा, बंद असेल तर पत्राचा मसुदा मी त्याच रात्री करून देते.